थंडीत मुलांच्या पायाची बोटं सुजतात, खाजतात : शेगडी जवळ ओढण्याआधी हे वाचा

इंदूर, प्रतिनिधी : माळव्याची थंडी फसवी असते. जानेवारीत दुपारी २५-२६ अंशांत स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे त्याच घरातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. या दिवसांत बऱ्याच घरांत एक तक्रार ऐकू येते. मुलाच्या पायाची बोटं लालसर-जांभळी झालीत, थोडी सुजलीत, आणि रात्री रजईत गेलं की खाज सुटते, आग होते. आजी म्हणते मच्छर चावला असेल, वडील म्हणतात बूट लागला, शेजारी म्हणतात चिखल्या झाल्यात. मग कुणी पाय शेगडीवर धरायला लावतं, कुणी कढत पाण्यात मीठ टाकून त्यात बुडवतं, तर कुणी मेडिकलवरून एखादी ट्यूब आणतं. आठ दिवस होतात आणि बोटं तशीच राहतात.

हा त्रास बहुतेक वेळा चिलब्लेनचा असतो. डॉक्टर त्याला पर्निओ असंही म्हणतात. आपल्या बोलण्यात 'थंडीने बोटं सुजली' एवढंच म्हटलं जातं. तो संसर्गजन्य नाही. घरातल्या एकाला झाला म्हणून दुसऱ्याला लागत नाही. पाय ऊबदार आणि कोरडे ठेवले तर साधारण १ ते ३ आठवड्यांत आपोआप बरा होतो. मुलांना जास्त इजा होते ती त्यावर केलेल्या घाईच्या उपायांनी, म्हणजे शेकण्याने, चोळण्याने, खाजवण्याने. इंदूरपासून बऱ्हाणपूर, सेंधवा, धुळे, नंदुरबारपर्यंतच्या पालकांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

नेमकं काय होतं?

थंडी लागली की शरीर आधी पोटातले, छातीतले अवयव गरम ठेवतं. त्यासाठी हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पायाची बोटं सगळ्यांत लांब, त्यामुळे ती सगळ्यांत आधी गार पडतात. काही मुलांमध्ये या वाहिन्या जरा जास्तच आकसतात. नंतर पाय अचानक गरम केले की रक्त जोरात परत येतं, पण ते पुढे वाहून नेणाऱ्या शिरा तेवढ्या लवकर मोकळ्या होत नाहीत. मग आतलं पाणी आजूबाजूच्या त्वचेत झिरपतं. बोट सुजतं, लाल होतं, खाजतं.

म्हणजे थंडीइतकीच अचानक दिलेली उष्णताही या त्रासाला कारण असते. खालचे जवळपास सगळे सल्ले याच एका गोष्टीवर उभे आहेत.

बर्फ पडत नाही, मग इथे कसं?

चिलब्लेनला बर्फ लागत नाही. शून्य ते १५ अंशांची थंडी आणि सोबत ओल असली की पुरे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान सरासरी १० अंशांच्या आसपास असतं आणि थंडीची लाट आली की ते ५-६ अंशांपर्यंत उतरतं. त्यात मावठा झाला, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस पडला, की थंडी आणि ओल दोन्ही एकत्र येतात.

ब्रिटनसारख्या दमट थंडीच्या देशात हा त्रास जुना आणि ओळखीचा आहे. उलट जिथे कडाक्याची पण कोरडी थंडी असते आणि घरं आतून गरम ठेवलेली असतात, तिथे तो कमी दिसतो. आपली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. दगडाची नाहीतर टाइल्सची फरशी, हवेशीर खिडक्या आणि खोली गरम करायची सोय नाही. मूल सकाळी आंघोळ करून ओल्या पायांनी त्या फरशीवर फिरतं, तसेच मोजे चढवतं आणि स्कूटीवर पुढे उभं राहून वाऱ्यात शाळेला जातं. पायाला जे नको ते सगळं या एका तासात होतं.

सीमेच्या अलीकडेही चित्र फार वेगळं नाही. धुळे, जळगाव आणि निफाडचा पारा हिवाळ्यात बराच खाली जातो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यावरच्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

ओळखायचं कसं?

थंडी लागल्यानंतर काही तासांनी, अनेकदा दुसऱ्या दिवशी, बोटांवर डाग किंवा छोट्या गाठीसारखी सूज येते. बोटांचा वरचा भाग, कडा, करंगळी आणि टाच या नेहमीच्या जागा. कधी हाताची बोटं, कानाच्या पाळ्या आणि नाकाचा शेंडाही सुजतो. गार असताना दुखतं, ऊब मिळाली की खाज आणि आग वाढते. जास्त झालं तर फोड येतो.

गोऱ्या त्वचेवर लाली लगेच दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती जांभळट, तपकिरी किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसते आणि पटकन लक्षात येत नाही. म्हणून दिवसाच्या उजेडात दोन्ही पायांची बोटं शेजारी ठेवून बघा आणि हलक्या हाताने सूज चाचपा.

याच्यासारखे दिसणारे दुसरे त्रासही आहेत :

– चिखल्या : बोटांच्या मधल्या बेचक्यात होतात. त्वचा पांढरी, ओलसर होते, सोलते, वास येतो. चिलब्लेन बेचक्यात क्वचितच असतं.

– खरूज : रात्री खाज सुटते, पण ती बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, पोटावरही असते आणि घरातल्या इतरांनाही खाजतं.

– बूट लागणं : एकाच जागी, जिथे घासतं तिथेच. बहुतेक वेळा खाज नसते.

– हिमदंश : शून्याखालच्या थंडीत त्वचाच गोठते. बोट पांढरं किंवा राखाडी, कडक आणि बधिर होतं. इंदुरात हे होत नाही. पण बर्फाच्या ठिकाणी सहलीला गेला असाल तर ती तातडीची अवस्था आहे, लगेच दवाखाना गाठा.

– त्वचेखालचा जंतुसंसर्ग : सहसा एकाच पायाला असतो. लाली वर चढत जाते, भाग तापतो, ताप येतो. यात थांबायचं नाही.

सिकलसेलच्या पट्ट्यातल्या पालकांनी हे जरूर वाचावं

नंदुरबार, धडगाव, बडवानी, अलीराजपूर, झाबुआ या भागात सिकलसेलचा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. या आजारात साधारण ६ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंतच्या बाळांचे हात-पाय अचानक सुजतात आणि खूप दुखतात. थंडी हे त्याचं एक निमित्त असतं. इथे सूज बोटावरच्या डागापुरती राहत नाही. सगळा पंजा किंवा पाऊल फुगतं, बाळ हात लावू देत नाही, चालणारं मूल पाय टेकवत नाही, कधी तापही येतो.

असं दिसलं तर 'थंडीने झालं असेल' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि सिकलसेलची तपासणी करा असं स्वतः सांगा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आहे. त्यात आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांवर तपासणी केली जाते.

घरी काय करायचं?

१) ओले किंवा दमट मोजे लगेच काढा. टॉवेलने पाय टिपून कोरडे करा. घासू नका. बेचकेही टिपा.

२) कोरडे, सैल, ऊबदार मोजे घाला आणि मुलाला पांघरुणात बसवा. पाय आपोआप, हळूहळू गरम होऊ द्या. आईने किंवा वडिलांनी आपल्या तळहातात पाय धरून ठेवले तरी ती ऊब पुरते.

३) नुसते पाय नाही, अंगही गरम करा. स्वेटर, टोपी, गरम दूध, पेज किंवा सूप द्या. छाती-पोट गार असेल तोवर शरीर पायाकडे रक्त सोडायला कचरतं. पायात दोन मोजे आणि अंगात नुसता शर्ट असेल तर उपयोग होत नाही.

४) खाजेसाठी कॅलामाइन लोशन लावता येतं. त्वचा कोरडी पडली असेल तर पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल हलकेच लावा. त्वचा फुटलेली असेल तर यातलं काही लावू नका.

५) नखं कापा. लहान मुलं झोपेत खाजवतात आणि तिथूनच जखम होते. रात्री पातळ सुती मोजे घातले तर ओरखडे कमी होतात.

६) फोड आला तर फोडू नका. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा, टिपा, स्वच्छ कोरडी पट्टी बांधा आणि डॉक्टरांना दाखवा.

७) दुखत असेल तर पॅरासिटामॉल देता येतं, पण मुलाच्या वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

हे करू नका

शेगडी, हिटर, गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावू नका. गारठलेल्या बोटांना चटका लवकर कळत नाही. मूल 'छान वाटतंय' म्हणतं आणि संध्याकाळी फोड दिसतो. शिवाय बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर विषारी वायू साठून अख्ख्या घराच्या जिवावर बेततं. खोलीत हिटर लावायचाच असेल तर तो लांब ठेवा आणि पाय त्याच्याकडे करू नका.

कढत पाण्यात पाय बुडवू नका. मीठ घातलं म्हणून कढत पाण्याचा चटका कमी होत नाही. आंघोळीचं पाणीही कोमटच ठेवा, कोपर बुडवून बघा.

जोरात चोळू नका. सुजलेली त्वचा नाजूक असते.

लसूण वाटून बांधू नका. कच्च्या लसणाने मुलांच्या कोवळ्या त्वचेवर भाजल्यासारख्या जखमा होतात. मिरची, चुना, टूथपेस्ट, वेदनाशामक बामही लावू नका. कापराचे बाम लहान मुलांच्या हाताला लागतील असे ठेवूच नका, पोटात गेले तर धोका आहे.

मेडिकलवरची ट्यूब आणि गोळ्या

आपल्याकडे त्वचेवर काहीही आलं की मेडिकलवर जाऊन 'खाजेची ट्यूब' मागायची सवय आहे. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चिलब्लेनमध्ये बुरशी नसते आणि साध्या सुजेत जंतूही नसतात, म्हणजे यातल्या दोन औषधांचं काम नाही. उरलेलं स्टेरॉइड जास्त दिवस लावलं तर मुलाची त्वचा पातळ होते. आणि मुळात चिखल्या किंवा गजकर्ण असेल तर स्टेरॉइडने ते दबून पुढे पसरतं. डॉक्टरांनी तपासून थोड्या दिवसांसाठी दिलं तर गोष्ट वेगळी, पण दुकानदाराच्या सांगण्यावरून नको.

मोठ्या माणसांमध्ये वारंवार त्रास होत असेल तर निफेडिपिन नावाचं रक्तदाबाचं औषध काही डॉक्टर देतात. त्याबाबतही मतं एकसारखी नाहीत. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी जुनाट चिलब्लेनवर दोन लहान चाचण्या केल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निफेडिपिन आणि २०१७ च्या चाचणीत स्टेरॉइडचं मलम, दोन्ही औषध नसलेल्या दिखाऊ गोळी-मलमापेक्षा सरस ठरली नाहीत. मुलांना हे औषध तज्ज्ञाशिवाय द्यायचंच नाही. पालकांसाठी यातला हिशोब साधा आहे. महाग ट्यूबपेक्षा जास्तीचे मोजे घेतलेले बरे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

– पू, पिवळी खपली, वर चढणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

– फोड फुटून जखम झाली असेल, बोट काळं पडत असेल किंवा बधिर झालं असेल तर त्याच दिवशी.

– मूल चालताना लंगडत असेल किंवा पाय टेकवत नसेल.

– ३ आठवड्यांत उतार पडला नाही.

– दर हिवाळ्यात होतं, किंवा थंडी संपल्यावर उन्हाळ्यातही राहतं.

– सोबत सांधे दुखतात, तोंडात वारंवार फोड येतात, गालांवर लाल चट्टे उठतात, मूल सतत थकलेलं असतं किंवा वजन घटतंय. अशा वेळी डॉक्टर रक्ताच्या काही तपासण्या सांगतात, कारण ल्युपससारखा आजार क्वचित अशाच डागांनी सुरू होतो.

– मुलाला मधुमेह, हृदयाचा आजार किंवा सिकलसेल आहे.

इंदुरात एमवाय हॉस्पिटलचा त्वचारोग विभाग आणि त्याच आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय ही सरकारी ठिकाणं आहेत. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालय गाठता येईल. आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं तरी चालतं. जाताना पहिल्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण दुपारच्या ओपीडीत पाय गरम झालेले असतात आणि डाग फिके दिसतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा झालेल्या मुलाला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा होऊ शकतं. अंगाने बारीक असलेल्या आणि घरात कुणाला हा त्रास असलेल्या मुलांना जास्त जपावं लागतं. तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करा, डाग दिसल्यावर नाही.

बूट : जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट डिसेंबरपर्यंत घट्ट होतात. मुलाला उभं करून बघा, सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी आणि आत बोटं हलवता यायला हवीत. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले तर रक्त आणखीच अडतं.

मोजे : नायलॉनच्या मोज्यात घाम अडकून पाय ओला राहतो. लोकर किंवा लोकर मिसळलेले मोजे थोडे ओलसर झाले तरी ऊब धरतात. लोकर टोचत असेल तर आत पातळ सुती मोजा घाला. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड कायम ठेवा.

सकाळ : आंघोळीनंतर आधी पाय कोरडे करायचे, मग बाकीचं आवरायचं. बाथरूमबाहेर पायपुसणं आणि सपाता ठेवा. बूट रात्री खिडकीखाली ठेवू नका. ओले झाले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवा.

गाडी : दुचाकीवर लहान मुलाला पुढे उभं केलं की सगळा वारा त्याच्या पायांवर येतो. हिवाळ्यात मागे, दोघांच्या मध्ये बसवा, पायांवर शाल घ्या. व्हॅनची वाट बघताना पायाची बोटं आत हलवायला, जागच्या जागी उड्या मारायला सांगा.

शाळा : दवाने भिजलेल्या मैदानावर प्रार्थना किंवा पीटी झाली की कॅनव्हासचे बूट ओले होतात आणि दुपारपर्यंत तसेच पायात राहतात. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. मुलाला मोजे बदलू द्यावेत आणि गणवेशाच्या पातळ मोज्याऐवजी त्याच रंगाचा जाड मोजा चालवावा एवढीच विनंती करायची आहे. थंडी वाढली की इंदूरचं जिल्हा प्रशासन शाळांच्या वेळा पुढे ढकलतं. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. तिथे कारण मुलांच्या झोपेचं होतं, पण थंडीतल्या पायांनाही त्याचा फायदा आहे.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांत आई-वडील जवळ नसतात. तिथे अधीक्षकांनी आठवड्यातून एकदा मुलांचे पाय बघावेत. पहाटेच्या आंघोळीला कोमट पाणी, बसायला सतरंजी आणि प्रत्येकाला दोन जोड मोजे मिळाले तर अर्धा त्रास होतच नाही.

पालक विचारतात ते प्रश्न

संत्री-पेरू बंद करायचे का? नाही. फळांनी हा त्रास होत नाही. मुलाचं जेवण नीट चालू ठेवा.

शाळेत पाठवायचं का? हो. चालताना दुखत नसेल तर घरी ठेवायची गरज नाही. सोबतच्या मुलांना लागण होत नाही.

खेळू द्यायचं का? हो. पळण्याने पायात रक्त खेळतं. फक्त अनवाणी किंवा ओल्या बुटात नको, आणि खेळून आल्यावर मोजे बदला.

हा कोरोनाचा प्रकार आहे का? २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात मुलांच्या बोटांवर असेच डाग दिसले आणि 'कोविड टोज' हा शब्द आला. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या कोरोना चाचण्या निगेटिव्ह होत्या. आज इंदूरच्या थंडीत शाळेत जाणाऱ्या मुलाची बोटं सुजली तर आधी मोजे आणि बूट तपासा.

डाग कायम राहतील का? बहुतेक वेळा नाही. बरं झाल्यावर काही आठवडे त्वचा गडद दिसते, मग रंग मूळचा होतो. खाजवून जखम केली तर मात्र व्रण राहू शकतो.

आज रात्री मूल झोपण्याआधी दिव्याखाली त्याची दोन्ही पावलं एकदा नीट बघा. बोटं थंडगार, ओलसर लागली तर टिपून कोरडे मोजे घाला. डाग दिसला तर फोटो काढा, तारीख लक्षात ठेवा आणि १ ते ३ आठवड्यांचा हिशोब तिथून धरा.